आई गेली आणि सगळ्यांचं जमणंच थांबलं, आता मी पुढाकार घेऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लहानपणी सुट्टीत आजोबांच्या घरी तीसेक माणसं जमायची, आजी-आजोबा गेल्यावर तुमच्या आईने तेच आपल्या घरी चालू ठेवलं, माणसं कमी होत होत पंधरा-सोळावर आली, आता आईला जाऊन दोन वर्षं झाली आणि दोन्ही वर्षी कोणी कोणाला बोलावलंच नाही. मोठी बहीण म्हणते करायचं तर आई करायची तसंच, धाकटा भाऊ म्हणतो आता ते नकोच, तुमची मुलं १४ आणि १७ ची, त्यांना कंटाळा येतो, आणि मधे तुम्ही. पुन्हा सुरू करू का आणि केलं तर कसं, असं विचारलंय.

मी कुटुंब समुपदेशनात बावीस वर्षं आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन कधी येतात सांगू? सुट्ट्या संपल्यानंतरच्या आठवड्यात. त्यामुळे या विषयावर माझं मत जरा रोखठोक आहे, ते आधीच सांगते. सुरू करा. पण आईचं चालवायला घेऊ नका, तुमचं म्हणून नवीन सुरू करा, आणि माणसं कमी झाली याचा दोष स्वतःकडे किंवा भावाकडे घेऊ नका.

कारण माणसं कमी होणं हा बराचसा हिशोबाचा भाग असतो. तुमच्या आजोबांच्या घरात जे तीस जण यायचे ते सगळे एका जोडप्याची मुलं, सुना, जावई, नातवंडं होते. मधे एक खुंटा होता आणि त्याला सगळे बांधलेले. आजी-आजोबा गेले की तुमच्या प्रत्येक काका-आत्याचं घर हाच एक नवीन खुंटा झाला, कारण तोपर्यंत त्यांचीही मुलं मोठी, त्यांनाही सुना-जावई आले. आजोबांना ती सगळी आपली नातवंडं, तुमच्या आईला त्यातली अर्धी भाचरं-पुतणे, तुमच्यासाठी ती चुलत-आते भावंडं, आणि आता आली त्यांची मुलं, ज्यांची नावं तुम्ही उलटसुलट घेता (घेता ना? सगळेच घेतात). प्रेम आटलं असं नाही, अंतर वाढलं. लोक याला 'घर फुटलं' म्हणतात, मला तो शब्द चुकीचा वाटतो. एका मोठ्या जमण्याची चार लहान जमणी झाली, एवढंच. तुमच्या आईने जे पंधरा-सोळा टिकवले ते खरं तर तिने या हिशोबाच्या विरोधात जाऊन टिकवले होते, आणि त्यासाठी ती काय करायची ते पुढे सांगते.

आणि मुळात नातेवाईकच कमी होतायत, जगभर. जर्मनीतल्या माक्स प्लांक लोकसंख्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचं गणित मांडलं, १९५० साली ६५ वर्षांच्या बाईला सरासरी ४१ जिवंत नातेवाईक असायचे, २०९५ मध्ये तेवढ्याच वयाच्या बाईला २५ असतील असा त्यांचा अंदाज आहे. मुलं कमी झाली की नुसती भावंडं कमी होत नाहीत, पुढच्या पिढीत काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांची मुलं हे सगळंच कमी होतं. उलट आयुष्य वाढल्यामुळे पणजी आणि पणतू एका खोलीत दिसायला लागलेत. म्हणजे कुटुंब आडवं पसरलेलं होतं ते आता उभं आणि बारीक झालंय. आजोबांच्या काळातली तीसची गर्दी तुम्ही कितीही जीव तोडून केलंत तरी परत येणार नाही, तेवढी माणसंच नाहीत.

याची एक चांगली बाजू आहे जी कोणी बोलत नाही. जेम्स बोसार्ड म्हणून समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९४५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली, माणसं एकेकाने वाढतात पण त्यांच्यातली नाती भराभर वाढतात. नऊ माणसं असतील तर दोघादोघांची ३६ नाती होतात. सोळा असतील तर १२०. तीस असतील तर ४३५. तुमच्या आजीच्या डोक्यात ही ४३५ नाती होती, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, कोणासमोर कुठला विषय काढायचा नाही. लग्न होऊन एक नवीन मुलगी आली की आपण म्हणतो एक माणूस वाढलं, पण तीस जणांत ती आली तर एकदम तीस नवीन नाती जुळायची असतात, आणि तिला तर ती सगळी एकाच दिवशी. पहिल्या वर्षी सुना गप्प का बसतात याचं उत्तर यात आहे, त्या आखडू नसतात. तर नऊ जणांचं जमणं हे गरिबाघरचं जमणं समजू नका, ते सांभाळता येण्यासारखं असतं.

आता आई काय करायची ते.

कॅनडाच्या समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन रोझेंथल यांनी १९८५ मध्ये यावर अभ्यास छापला. लोकांना विचारलं की तुमच्या कुटुंबात सगळ्यांना जोडून ठेवायचं काम करणारं कोणी एक माणूस आहे का, तर निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हणून सांगितलं, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई होती. ती गेली की पुष्कळदा मुलगी ते काम उचलते. घराघरात ही पोस्ट असते, पण तिची जाहिरात कधी निघत नाही आणि माणूस गेल्याशिवाय ती होती हेच कळत नाही. तुमच्याकडे दोन वर्षं काही झालं नाही याचं खरं कारण माझ्या मते हेच आहे, जमायची इच्छा गेली नाही, पोस्ट रिकामी पडलीय आणि तिघंही एकमेकांकडे बघताय.

मी अशा भावंडांना एक काम देते. आई काय काय करायची त्याची यादी करा, आणि स्वयंपाक, साफसफाई, अंथरुणं-पांघरुणं हे सोडून करा. पहिल्यांदा पाच-सहा गोष्टी निघतात आणि पुढे लिहायला काही सुचत नाही. मग हळूहळू आठवायला लागतं. तारीख ठरवताना ती आधी कोणाला फोन करायची? (जो नेहमी शेवटच्या क्षणी नाही म्हणतो त्याला. तो हो म्हणाला की मग बाकीच्यांना.) एका काकांना ती आधीच सांगून ठेवायची की पोराला मार्कांचं विचारू नका. एकाच्या नोकरीचं काय झालंय हे तिला माहीत असायचं म्हणून ती विषय वळवायची. कोणी रुसून गेलं तर चार दिवसांनी दुसऱ्याच निमित्ताने फोन करायची आणि रुसव्याचा र सुद्धा काढायची नाही. एका घरातल्या तिघा भावंडांची यादी चाळीसच्या वर गेली होती आणि शेवटी तिघंही रडत होते, कारण आई 'नुसती किचनमध्ये असायची' असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

याच्या उलटही एक घर बघितलंय. तिथे भावंडं फार व्यवहारी, सगळं वाटून घेतलं, खर्च तीन हिश्श्यांत, जेवण बाहेरून, झोपायची सोय वेगळी, एकदम चोख. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी दोन घरं आलीच नाहीत. वाटण्या सगळ्या झाल्या होत्या पण आधीचे फोन आणि नंतरचे फोन कोणाच्याच वाट्याला आले नव्हते, ग्रुपवर एक मेसेज टाकला की निमंत्रण झालं असं धरून चालले होते. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांना असतो म्हणजे कोणालाच नसतो. त्यामुळे तुम्ही वाटणी कराल तेव्हा जेवणाची कमी चिंता करा, फोनची वाटणी आधी करा. आणि कृपा करून ते काम आपोआप तुमच्या आणि ताईच्या गळ्यात घेऊ नका, भावाला द्या. तो नको म्हणतोय म्हणून त्याला वगळून पुढे गेलात तर तो पाहुणा होईल, आणि पाहुण्याला न येणं सोपं असतं.

ताई आणि भाऊ दोन टोकाला आहेत असं तुम्हाला वाटतंय. मला ते एकाच जागी उभे दिसतात. 'आईसारखंच झालं पाहिजे' याचा अर्थ आई अजून आहे असं वाटू दे, आणि 'नकोच ते' याचा अर्थ आई नाही हे त्या दिवशी त्या खोलीत बसून बघायचं नाही. दोघंही दुःखातच आहेत, एकाचं दुःख धरून ठेवतं आणि एकाचं पळून जातं. हे तुम्ही त्यांना समजावून सांगू नका हं, समुपदेशक बहीण कोणालाच आवडत नाही, स्वानुभवाने सांगते. फक्त तुमच्या मनात असू द्या म्हणजे तुमचा आवाज चढणार नाही.

असंच अजून एक प्रकरण असतं, जिथे माणूस गेलेलं नसतं पण असून नसतं. कुटुंबांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना हे मांडलं, की माणूस आहे की नाही हेच जिथे ठरत नाही ते दुःख सरतच नाही. पुढे त्यांनी तेच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये दाखवलं. आजी खुर्चीत बसलीय पण नातवाला ओळखत नाही, आणि सगळे जोरजोरात 'आजी बघा कोण आलंय' करतायत. तुमच्या घरी मोठं कोणी या अवस्थेत असेल तर सगळं जमणं त्यांच्या वेळेला बांधा, थोड्या वेळासाठी आणि थोड्या लोकांत, आणि ओळख पटवायची परीक्षा घेऊ नका. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही म्हणून इथेच थांबते.

मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं? वॉशिंग्टनमधले संशोधक स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी दारूच्या व्यसनाने ग्रासलेली कुटुंबं तपासली. ज्या घरांनी आपले एकत्र जेवणं, सण-सुट्ट्या वगैरे नेहमीचे रिवाज व्यसनाच्या काळातही टिकवून ठेवले त्यांच्या मुलांत व्यसन पुढे जाण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि जिथे ते विस्कटले तिथे जास्त. यावरून लोक लगेच म्हणतात, बघा, काहीच बदलू नका. असं नाहीये ते. रिवाजाचं जे हाड आहे ते टिकायला हवं, वरचं कातडं दर काही वर्षांनी बदलतंच आणि बदललं नाही तर पुढची पिढी ते मुकाट्याने सोडून देते.

हाड कुठलं ते ओळखायला मी एकच प्रश्न देते, सगळ्यांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको. 'कुठली एक गोष्ट नसेल तर आपण जमलो असं तुला वाटणार नाही?' उत्तरं ऐकून थक्क व्हाल. जिच्यासाठी यजमानीण दोन दिवस राबते ती गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही. लोक सांगतात रात्री गच्चीवर सतरंजी टाकून झोपणं, निघताना दारात अर्धा तास उभं राहून बोलणं, आजोबांचा तो एकच जोक, सगळ्या चुलतभावंडांनी मिळून पत्ते. एक मुलगी म्हणाली होती, 'सकाळी मी उठायच्या आधी बाहेरून मोठ्या माणसांच्या बोलण्याचा आवाज येतो ना, तो.' ही सगळी फुकटातली कामं आहेत. दोन-तीन अशी धरा आणि बाकीचं सरळ सोडा. ताईला पण हा प्रश्न विचारा, तिचं 'आईसारखंच' म्हणजे नेमकं काय ते त्यातून कळेल, बहुतेक एखादीच छोटीशी गोष्ट निघेल आणि ती सहज ठेवता येईल.

पहिल्या वर्षी मात्र जागा बदला असं मी सांगेन. आईच्या घरात आईशिवाय पहिलं जमणं फार जड जातं, प्रत्येक कपाट बोलतं. तुमच्या घरी किंवा कुठेतरी तिसरीकडे, आणि मुक्काम करायचा झाला तर एकच रात्र. पुढच्या वर्षी वाटलं तर परत आईच्या घरी.

मुलांचं. १४ आणि १७ ला कंटाळा येणं हे वयाला धरून आहे, तो तुमचा अपमान नाही. दहाव्या वर्षी जे मूल रात्री झोपायला तयार नसतं तेच पंधराव्या वर्षी खोलीचं दार लावून बसतं आणि पंचविशीत 'आपण आता तसं का नाही जमत' म्हणून भांडतं, हे चक्र मी इतक्या घरांत बघितलंय की मला आता त्यात काळजी करण्यासारखं काही दिसत नाही. मधली पाच-सात वर्षं दार उघडं ठेवायचं, बस. मी स्वतः यात तोंडावर आपटलेय. एका वर्षी मी सगळ्यांचे फोन एका टोपलीत जमा करायचे असा नियम काढला, आमच्याच घरी, आणि तासाभरात माझी सोळा वर्षांची भाची पोट दुखतंय म्हणून आत जाऊन झोपली आणि तिच्यामागे माझा मुलगा. उरलो आम्ही मोठे, टोपलीकडे बघत. नंतर लक्षात आलं की पोरांना फोन हवा होता असं काही नव्हतं, त्यांना करण्यासारखं दुसरं काम नव्हतं. आता त्यांना खरं काम देते, सतराव्या वर्षाला साजेसं. स्टेशनवरून लोकांना आणणं, जुने फोटो स्कॅन करणं, म्हाताऱ्यांना बोलतं करून रेकॉर्ड करणं. शेवटचं तर फारच चालतं.

त्यामागे थोडा आधारही आहे. अमेरिकेत एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांना घराण्याबद्दल वीस प्रश्न विचारले, आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबांची भेट कशी झाली, तुझ्या जन्माच्या वेळी काय झालं, घरात कोणावर मोठं संकट आलं होतं का, असे. ज्यांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा आत्मविश्वास जास्त होता आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे ही भावना जास्त होती. पण उत्तरं पाठ करून घेऊ नका, ड्यूक स्वतःच सांगायचे की माहिती महत्त्वाची नाही, ती ज्या बसण्या-बोलण्यातून मुलांपर्यंत पोचते ते महत्त्वाचं आहे. आणि नुसत्या मोठेपणाच्या गोष्टी नकोत. धंदा बुडाला, काका नापास झाले, एक वर्ष फार वाईट गेलं आणि मग सावरलं, हे मुलं कान देऊन ऐकतात. आईच्या आठवणीतही हेच करा, तिची देवी करू नका, तिच्या चुका आणि तिचे राग पण येऊ द्या. भावाला कदाचित त्यानेच मोकळं वाटेल.

आणखी एक व्यवहाराचं, सगळ्यांना एका गोलात बसवून 'चला बोलूया' करू नका. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मोजून दाखवलंय की एका गप्पेत साधारण चार माणसं मावतात, पाचवं-सहावं आलं की गप्पा आपोआप दोन तुकड्यांत फुटतात. म्हणून मोठ्या हॉलपेक्षा दोन खोल्या, एक व्हरांडा, एक किचन अशी जागा जास्त रंगते. व्हिडिओ कॉलवर दमायला होतं त्यातही याचा भाग असावा, तिथे फुटून बाजूला जाता येत नाही, एक बोलतो आणि अकरा जण चेहरा हसरा ठेवून बसतात. परदेशातलं कोणी असेल तर त्याला सगळ्यांसमोर वीस मिनिटं मांडून ठेवण्यापेक्षा फोन एकेका कोपऱ्यात फिरवा.

भांडणं होतील. मोठमोठी माणसं आईबापांच्या घरात पाऊल टाकलं की दोन तासांत बारा वर्षांची होतात, ताई हुकूम सोडते, मधला चिडवतो, धाकटा पाय आपटतो, यात आश्चर्य काही नाही. कुटुंबांवर उपचार करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांचं एक निरीक्षण मी रोज वापरते, दोघांतला ताण वाढला की ती दोघं तिसऱ्याला मधे ओढतात आणि तात्पुरतं बरं वाटतं. तुम्ही मधल्या आहात, म्हणजे तो तिसरा कोपरा बहुधा तुमचाच. ताई भावाबद्दल सांगेल, भाऊ ताईबद्दल सांगेल. ऐकून घ्या, पण निरोप पोचवू नका. 'हे तू तिलाच सांग ना' एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा. घर विकायचं का, दागिन्यांचं काय, आईच्या आजारपणात कोणी किती केलं, हे विषय या दिवशी बंद, त्यासाठी वेगळी तारीख घ्या आणि खरोखर घ्या, नाहीतर ते विषय जेवणात डोकावणारच.

आणि लवकर संपवा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं काम आहे १९९० च्या दशकातलं, अनुभव किती वेळ चालला हे आपल्याला फारसं आठवत नाही, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट हे दोन आठवतात. तीन दिवसांच्या जमण्यात तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे दमलेले, सामान हरवलेलं, पोरं किरकिरी, आणि वर्षभर लोक तेच घेऊन फिरतात. अजून एक दिवस राहिलो असतो तर बरं झालं असतं असं वाटत असतानाच गाड्या निघाल्या पाहिजेत.

दर वर्षी तुमच्याचकडे नको, फिरतं ठेवा. लग्न झालेल्यांना दुसरीकडेही जायचं असतं म्हणून एक वर्षाआड केलंत तरी चालेल, किंवा सणाची नेमकी तारीख सोडून पुढचा-मागचा शनिवार-रविवार धरा. तारखेवर हटून बसणारी घरं मी जास्त तुटलेली बघितलीयत.

आता भाऊ आलाच नाही तर. कॉर्नेल विद्यापीठाच्या कार्ल पिलेमर यांनी अमेरिकेत पाहणी केली होती, २७ टक्के लोकांनी सांगितलं की घरातल्या कोणाशी तरी त्यांचे संबंध तुटलेले आहेत. म्हणजे चारात एक. तुमचा भाऊ अजून त्यात नाही, तो फक्त 'नको' म्हणतोय, त्याला त्यात ढकलू नका. त्याला आधी फोन करा आणि एखादं काम त्याच्या गळ्यात टाकून बघा, दोन फोन करायचे एवढंच. त्यालाही नाही म्हणाला तर ठीक आहे म्हणा, आणि दिवस जवळ आल्यावर एक मेसेज, त्याला एकट्याला, ग्रुपवर नाही. तारीख, वेळ, पत्ता, आणि 'आलास तर बरं वाटेल'. पुढे काही जोडू नका. 'आईला काय वाटलं असतं' हे तर अजिबात नको. आणि ताईला सांगून ठेवा की तो अर्ध्या तासासाठी उगवला, किंवा जेवण झाल्यावर उगवला, तरी उशीर का झाला असं कोणी विचारायचं नाही.